शिकवण उत्तम, परीक्षा मात्र जुन्या वळणाची

छत्रपती संभाजीनगर येथे एका संस्थेने वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी आणि समाजकार्य शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी पॅलिएटिव्ह केअरचा (गंभीर आजारातील रुग्णाच्या वेदना व त्रास कमी करणाऱ्या परिहारक सेवेचा) एकत्रित अभ्यासवर्ग घेतला. मी आमच्या नर्सिंग महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींसह त्यास उपस्थित होते. आपले विद्यार्थी पाठवावेत का, अशी विचारणा सहकारी करीत असल्याने हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिले सत्र इतिहासाचे आणि लांबलेले होते. या सेवेच्या आद्य प्रवर्तक सिसिली साँडर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या, आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह) सुरू केले, एवढे सांगितले असते तरी अशा मिश्र वर्गाचे प्रयोजन कळले असते.

खरा कस लागला तो केसपेपरवर. जबड्याच्या कर्करोगाची जखम चिघळलेला, पैठण तालुक्यातील एक काल्पनिक शेतकरी मिश्र गटांपुढे ठेवण्यात आला. वैद्यकीय विद्यार्थ्याने मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाच्या, गोळ्या दर चार तासांनी लिहिल्या. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत लागणारे रेचक लिहायचे राहिले, हे फार्मसीच्या विद्यार्थिनीने दाखवले. वासामुळे नातवंडे जवळ येत नाहीत या तक्रारीवर मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकण्याचा उपाय आमच्या मुलीने सुचवला. मॉर्फिन गावाजवळ मिळणार कुठे, हे समाजकार्याच्या विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा कुठे अमली पदार्थविषयक कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीचा विषय निघाला. परवान्यांचा जाच कागदोपत्री कमी झाला असला, तरी तालुक्याच्या ठिकाणी हे औषध आजही सहजी मिळत नाही, हे प्रशिक्षकांनी आडपडदा न ठेवता मान्य केले.

संवादाच्या सरावात रुग्ण झालेले गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लई दुखायलंय, पर पोराला सांगू नगा, रान इकून बसंल." वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या फळ्यावर होत्या, तरीही गट निरुत्तर झाला. प्रशिक्षकांनी उत्तर देण्याची घाई केली नाही, आणि माझ्या मते वर्गातील सर्वांत मोलाची वेळ हीच होती.

एवढे करून अखेरची परीक्षा मात्र प्रत्येक शाखेची वेगळी आणि बहुपर्यायी प्रश्नांची होती. दिवसभर एकत्र विचार करायला लावून गुण एकेकट्याला देणे, हे मला अजिबात पटले नाही. शुल्कही सर्वांना सारखेच असल्याने नर्सिंगच्या मुलींना ते जड गेले. विद्यार्थी अवश्य पाठवावेत. परंतु एकाच शाखेचा जथा न पाठवता शेजारच्या महाविद्यालयांशी बोलून गट जुळवावा, आणि शुल्काची सवलत आधीच लेखी मागून घ्यावी.