‘चलती का नाम गाडी’, ‘बॉम्बे टू गोवा’ की ‘गंमत जंमत’? प्रेक्षक कुठे हसतात आणि कुठे उठतात

सोसायटीची गच्ची, मंडळाचा मंडप, परदेशातल्या मराठी मंडळाचा हॉल. जुना, गाण्यांचा, हसवणारा आणि थोड्या पळापळीचा चित्रपट लावायचा ठरला की ही तीन नावं निघतातच. तिन्हींत किशोरकुमारचा आवाज आहे, तिन्हींत कुणी ना कुणी गुंडांच्या किंवा पोलिसांच्या तडाख्यातून निसटत असतं, आणि तिन्हींची गाणी सगळ्यांना पाठ. नेमका इथेच घोटाळा होतो. गाणी माणसं गोळा करतात हे खरं, पण त्यांना खुर्चीत बसवून ठेवतं ते दोन गाण्यांच्या मधलं. तिथे या तिघांत बराच फरक आहे.

आधी ‘चलती का नाम गाडी’. साल १९५८, दिग्दर्शक सत्येन बोस, संगीत सचिनदेव बर्मन, गीतं मजरूह सुलतानपुरी. अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार हे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच, आणि त्यांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज. पावसाळी रात्री मधुबाला बंद पडलेली गाडी घेऊन येते, गाडी दुरुस्त होते आणि मजुरी द्यायची राहून जाते. एवढ्याशा थकबाकीवर पुढचा सगळा डोलारा.

पहिला अर्धा तास हा चित्रपट कुठल्याही प्रेक्षकाला जिंकतो. ‘एक लडकी भीगी भागी सी’ सुरू झालं की साठीच्या पुढचे गुणगुणायला लागतात हे अपेक्षितच असतं. न सांगता गप्प होतात ते विशीतले, कारण त्या गाण्यात नाच नाही, बर्फ नाही, बाग नाही. काळोखं गॅरेज, भिजलेली वैतागलेली बाई आणि काम करता करता हातातल्या हत्याराने ठेका धरणारा मेकॅनिक, एवढंच. विनोद किशोरच्या चेहऱ्यावर आणि मधुबालाच्या दाबलेल्या हसण्यावर चालतो, म्हणून पडदा लहान असेल किंवा मागच्या रांगेपर्यंत चेहरा पोहोचत नसेल तर गाणं ऐकू येतं पण हसू येत नाही.

‘पाँच रुपैया बारा आना’ला मोठ्यांचा हशा आणि मुलांचे कोरे चेहरे ठरलेले. रुपयाचे १६ आणे, म्हणजे १२ आणे ७५ पैसे. थकबाकी पावणेसहा रुपये. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली होती, तरी लोकांचा हिशेब आण्यांतच चालू होता. चित्रपट सुरू करण्यापूर्वी निवेदकाने हे एका वाक्यात सांगून टाकलं की मुलंही त्या पैशांच्या मागे लागतात.

उतार लागतो तो उत्तरार्धात. के. एन. सिंगची खलनायकी, मधुबालाच्या घरच्या पैशावर डोळा, डांबून ठेवलेली माणसं, थोरल्या भावाचं जुनं दुःख. हे सगळं त्या काळच्या रहस्यपटाच्या चालीने जातं आणि चुळबुळ इथेच सुरू होते. थोरल्याचा बायकांवरचा राग हा विनोदाचा मुख्य धागा. आजच्या मुली सुरुवातीला त्यावर नाक मुरडतात, पण हसं शेवटी त्याचंच होतं, त्यामुळे तक्रार टिकत नाही. जुनी खटारा गाडी मात्र लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांची लाडकी. ‘बाबू समझो इशारे’च्या वेळी मुंबईचे मोकळे रस्ते बघून निघणारे सुस्कारे हा तर वेगळाच कार्यक्रम.

‘बॉम्बे टू गोवा’चं गणित उलटं आहे. साल १९७२, दिग्दर्शक एस. रामनाथन, मूळ तामिळ ‘मद्रास टू पाँडिचेरी’ (१९६६). संगीत राहुलदेव बर्मन, गीतं राजेंद्र कृष्ण. खून पाहिलेली मुलगी जीव वाचवायला बस पकडते, मागे गुंड, आणि बसमध्ये नाना तऱ्हेचे उतारू. मेहमूद कंडक्टर, अन्वर अली ड्रायव्हर. कथा अशी नाहीच म्हटलं तरी चालेल, प्रवास आहे. आणि घरगुती प्रेक्षकांसाठी हीच त्याची ताकद. मध्येच कुणी उठून चहा घेऊन आलं, पोराला शू करवून आणलं, तरी काही बुडत नाही.

लहान मुलांचा सर्वांत मोठा हशा कुणाला मिळतो, तर ना मेहमूदला ना अमिताभला. तो मिळतो ‘पकोडा’साठी जीव टाकणाऱ्या खादाड मुलाला. तीच गंमत फिरून फिरून येते आणि दर वेळी मुलं आधीपासून वाट बघत असतात. मोठ्यांना मात्र तिसऱ्या खेपेला ती पुरे होते. जाडेपणावरची आणि प्रांताप्रांतांच्या बोलण्यावरची चेष्टा आज काहींना खटकते, विशेषतः हॉलमध्ये दक्षिणेकडची कुटुंबं असतील तर. चित्रपट त्यासाठी बाद करावा असं नाही, पण मिश्र सोसायटीत ठरवणाऱ्यांनी आधी एकदा बघून घ्यावा.

दोन अपेक्षाभंग हमखास होतात. पहिला गोव्याचा. नाव वाचून समुद्रकिनारे बघायला आलेल्यांना बहुतेक वेळ बसच दिसते. दुसरा अमिताभचा. ‘जंजीर’ १९७३चा, म्हणजे इथे तो संतप्त नायक अजून जन्मायचा आहे. दिसतो तो सडपातळ, लांब पायांचा, जरा अवघडलेला नाचणारा पोरगा. ‘देखा ना हाय रे’ चालत्या बसमध्ये सुरू होतं आणि त्या अवघडलेपणालाच शिट्ट्या पडतात. उषा उथुप क्लबमध्ये इंग्रजी गाताना दिसतात तेव्हा पन्नाशीतले सरसावून बसतात. किशोरकुमार स्वतः बसमध्ये चढतो तेव्हाची गंमत मात्र त्याचा चेहरा ओळखणाऱ्यांपुरतीच. तरुणांना कुणीतरी सांगावं लागतं. मराठी घरांत ललिता पवार दिसल्याबरोबर ‘ही बघ’ असा आवाज येतो, तो आजी-आजोबांच्या रांगेतून.

‘गंमत जंमत’बद्दल थोडक्यात. १९८७, दिग्दर्शन सचिन पिळगांवकर, संगीत अरुण पौडवाल. दोन मित्र पैशासाठी श्रीमंत घरातल्या मुलीला पळवतात आणि ती डोक्यावर बसते. अशोक सराफ, वर्षा उसगांवकर, चारुशीला साबळे. इथे हशाला वेळ लागत नाही, कारण भाषा मधे येत नाही. अशोक सराफ यांचं अडखळणं आणि नजर यांवर तीन पिढ्या एकाच क्षणी हसतात, जे आधीच्या दोन्हींत क्वचित घडतं. ‘अश्विनी ये ना’ला अख्खा मंडप गातो. उणं एवढंच की बहुतेकांनी तो टीव्हीवर इतक्यांदा पाहिलेला असतो की वाक्यं आधीच म्हणणारे निघतात, आणि नव्याला ऐकू येत नाही. ‘जुना काळ’ अनुभवायला आलेल्यालाही तो तितका जुना वाटत नाही.

आता वेळ. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, ती आपल्या दिवसाला आहे का हे पोलीस ठाण्यात विचारावं. गणपतीत मुंबई-पुण्याकडे सव्वासातच्या आधी पडद्यावर नीट काही दिसत नाही. म्हणजे हाताशी पावणेतीन तास, त्यातून दहा मिनिटांचं मध्यंतर वजा. ‘चलती का नाम गाडी’ची पूर्ण प्रत यात बसत नाही आणि नेमका शेवटचा सोडवणुकीचा भाग आवाज बंद करून बघावा लागतो. तो कोजागरीला लावा, तेव्हा पावणेसातलाच काळोख होतो, किंवा हॉलमध्ये. उघड्यावर कृष्णधवल चित्रपटाचं आणखी एक दुखणं: रस्त्यावरचा एक दिवा पडद्यावर पडला तरी काळा रंग राखाडी होतो आणि गॅरेजचा रात्रीचा प्रसंग धुऊन निघतो. रंगीत ‘बॉम्बे टू गोवा’ तेवढा उजेड सहन करतो.

चौकट तपासाच. १९५८चं चित्र जवळजवळ चौरस आहे. प्रोजेक्टर ते ओढून रुंद पडदा भरत असेल तर मधुबालाचा चेहरा फुगतो आणि लोक कुजबुजतात. सेटिंगमध्ये मूळ प्रमाण निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

आवाज एकाच वाहिनीवरचा (मोनो) आहे, तेव्हा दोन्ही स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा. मागच्या लोकांसाठी २० मीटरवर आणखी एक लावला तर पुढचा आवाज तिथे सेकंदाच्या सुमारे सतराव्या भागाइतका उशिरा पोहोचतो आणि संवाद दुहेरी ऐकू येतात. किशोरच्या भरधाव बडबडीचा तर चिखल होतो. खर्ज (बेस) कमी करा, मधला पट्टा (मिड) किंचित वाढवा. रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेला आवाज माणसं भरल्यावर कमी पडतो, कारण माणसं आवाज शोषतात.

हक्कांचं. भारतात चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे ‘चलती का नाम गाडी’चा चित्रपट म्हणून असलेला हक्क २०१८ अखेर संपला, पण गीत आणि संगीत ही वेगळी कामं, त्यांची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालते. ‘बॉम्बे टू गोवा’ २०३२ अखेरपर्यंत आणि ‘गंमत जंमत’ २०४७ अखेरपर्यंत हक्कात. इंटरनेटवर फुकट दिसतो म्हणजे मंडपात लावायला मोकळा, असं नव्हे.

परदेशातल्या मंडळांनी उपशीर्षकांची प्रत पूर्ण बघून मगच ठरवावं. बऱ्याच प्रतींत संवादांना उपशीर्षकं असतात आणि गाण्यांना नसतात. ‘चलती का नाम गाडी’त अर्धा विनोद गाण्यांत आहे, तो तिथेच वाया जातो. हिंदी न कळणाऱ्या मुलांसाठी ‘बॉम्बे टू गोवा’ बरा, त्यात धडपड आणि चेहरे जास्त. ‘गंमत जंमत’ला उपशीर्षकं नसतील तर मुलं पंधरा मिनिटांत मागे खेळायला जातात.

आमचं मत विचाराल तर: शंभराच्या आसपास सर्व वयांची माणसं, उघडी जागा आणि खाण्याचे स्टॉल असतील तर ‘बॉम्बे टू गोवा’. सगळे मराठी आणि ज्येष्ठांची संख्या जास्त असेल तर ‘गंमत जंमत’. चाळीस-पन्नास बसून ऐकणारी माणसं, काळोखा हॉल आणि तीन तास हाताशी असतील तर ‘चलती का नाम गाडी’ला पर्याय नाही, मग मध्यंतर दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका आणि बटाटेवडे मध्यंतरातच संपवा, कारण त्यानंतरच्या अर्ध्या तासात उठलेली माणसं परत बसत नाहीत.