गाडी धुवायची कशी: फडका, दोन बादल्या, प्रेशर वॉश की बादलीभर पाण्यातलं काम?

रोज सकाळी सोसायटीत गाडी पुसून घेत असाल तर एकदा भर दुपारी बोनेटकडे तिरकं बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतील. माझ्या काळ्या गाडीवर दोन वर्षांत असं जाळं पडलं, आणि तेही पार्किंगमध्ये उभ्या उभ्या.

रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेलाही ओरखडते, मग या थराची काय कथा! कोरडा किंवा नुसता ओला फडका ते कण रंगावर घासत नेतो. यात पुसणाऱ्या काकांची चूक नाही. एका बादलीत दहा-पंधरा गाड्या आपणच त्यांना पुसायला लावतो. त्यामुळे रोजचा फडका माझ्या यादीतून बाद. मेण लावलेल्या धाग्यांची झटकणीही त्याच पंगतीतली, फक्त थोडी सौम्य.

पाणी, जागा आणि पाऊण तास असेल तर दोन बादल्यांची पद्धत सगळ्यात चांगली, असं माझं ठाम मत आहे. एका बादलीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी पाणी मारून सुटी धूळ घालवायची. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून खाली यायचं. एक पॅनेल झालं की मोजा साध्या पाण्यात खळबळायचा, पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. धुणं संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. तिथे बसलेली रेती एरवी रंगावर घासली गेली असती. चाकांचं कापड वेगळं ठेवा, त्यांच्यावर ब्रेकची लोखंडी भुकटी असते. भांडी घासायचं लिक्विड नको, ते रंगावरचं मेण उतरवतं. पाणी बोअरचं असेल तर गाडी सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात आणि नंतर सहज निघत नाहीत.

पावसाळ्यात घाटातून आल्यावर मात्र प्रेशर वॉशला तोड नाही. वाळलेला चिखल हात न लावता सुटतो, हा त्याचा मोठा गुण. नोझल फूटभर लांब धरा. टवके उडालेला रंग, स्टिकर आणि दारांची रबरं यांच्यापासून जपून. पण नुसत्या प्रेशरने रस्त्याचा चिकट, तेलकट थर जात नाही, त्याला शेवटी मोजाच लागतो. वॉशिंग सेंटरला खरा धोका पाण्याचा नसून नंतरच्या फडक्याचा असतो. मी तिथे सरळ सांगतो, 'दादा, फक्त फोम आणि पाणी मारा, पुसायचं मी बघतो.' फिरत्या ब्रशांच्या मशीनमध्ये मी गाडी घालत नाही, कारण आधीच्या गाडीची रेती त्या ब्रशांत अडकलेली असू शकते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, विशेषतः मार्च ते मे टँकरवर दिवस काढणाऱ्यांना, मी रिन्सलेस वॉश सुचवेन. आठ-दहा लिटर पाण्यात रिन्सलेसच्या बाटलीवर लिहिलंय तेवढंच द्रावण, आणि नंतर पाणी मारायची गरज नाही. यातले घटक धुळीभोवती बुळबुळीत थर करतात, त्यामुळे कण घासले न जाता उचलले जातात. पण एकच कापड गाडीभर फिरवलंत तर फडक्याचीच गत. सहा-सात मायक्रोफायबर त्या पाण्यात भिजत घाला. एकेकाची चौपदरी घडी करा, म्हणजे उलटवून-पालटवून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एकदाच पुसायचं. वापरलेलं कापड पुन्हा बादलीत नाही. चिखल असेल तर ही पद्धत अजिबात वापरू नका, आधी पाणी माराच.

वॉटरलेस स्प्रे, म्हणजे पाण्याशिवाय नुसता फवारून पुसायचा, मी एक-दोन दिवसांच्या हलक्या धुळीपुरताच वापरतो, किंवा पक्ष्याच्या विष्ठेसाठी. विष्ठेला रविवारची वाट बघायला लावू नका, उन्हात ती क्लिअर कोट खाते. डागावर ओलं कापड पाच मिनिटं ठेवा, ती मऊ पडली की अलगद उचला.

माझा स्वतःचा क्रम असा: एरवी आठवड्याला रिन्सलेस, पावसाळ्यात आधी प्रेशर आणि मग दोन बादल्या. गाडी पुसणाऱ्या काकांना मी चार मायक्रोफायबर दिलेत. ते रोज फक्त काचा, आरसे आणि नंबरप्लेट पुसतात. बोनेट, छत आणि दारांना हात लावत नाहीत. महिन्याचे पैसे पूर्वीइतकेच देतो.