डॉसबॉक्सवर प्रिन्स ऑफ पर्शिया, आठ महिन्यांनंतर: गेम झकास, पण त्या शिफ्टच्या बटणाचं काय करू

लिहिणार नव्हतो खरं तर, पण सोसायटीच्या ग्रुपवर जे झालं त्यानंतर लिहिणं भाग आहे. ते खाली येईलच.

माझा एक्सपीवाला डेस्कटॉप पावसाळ्यात गेला. एसएमपीएस उडाला आणि जाताना मदरबोर्डला पण घेऊन गेला, रिपेरवाला म्हणाला साहेब ह्याचे पार्ट आता कुठे शोधू. मग नाइलाजाने विंडोज ११ चा लॅपटॉप, जो घरात मी आणि बाबा मिळून वापरतो. पेनड्राइव्हवरचं प्रिन्सचं फोल्डर टाकलं, डबल क्लिक केलं, तर निळा चौकोन आला की हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालत नाही, पब्लिशरकडे चौकशी करा. १९९० चा डॉस गेम आहे बाबा, कुठे चौकशी करू.

तर ज्यांना अजून आशा आहे त्यांच्यासाठी, कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये दोन तास घालवू नका, मी घालवलेत. गेम १६ बिट आहे. ३२ बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवायची सोय होती, ६४ बिटमध्ये ती नाहीच आणि ११ हे ६४ बिटमध्येच येतं. सरळ डॉसबॉक्स घ्या, म्हणजे आजच्या विंडोजवर जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. मी ०.७४-३ वापरतो. गेमचं फोल्डर माउंट करायचं, म्हणजे डॉसबॉक्सला ते ड्राइव्ह म्हणून दाखवायचं, फोल्डरमध्ये जायचं, प्रिन्स टाइप करायचं, झालं. फक्त कॉन्फिग फाइलमध्ये अ‍ॅस्पेक्ट ट्रू करून घ्या, नाहीतर ३२० बाय २०० चं चित्र चपटं दिसतं आणि राजपुत्र बुटका वाटतो. आवाज मात्र आपल्याला आठवतो त्यापेक्षा भारीच येतो, कारण डॉसबॉक्स साउंड ब्लास्टर ह्या जुन्या साउंड कार्डची नक्कल करतो आणि आमच्या क्लासमधल्या मशीनला नुसता स्पीकर होता. मला तेच जुनं टूं टूं हवं होतं, तर प्रिन्सच्या पुढे एसटीडीएसएनडी लिहून चालू करा, येतं.

एक शिवी कंट्रोल एफ ९ ला. माउस सोडवायला कंट्रोल एफ १०, आणि त्याच्या शेजारचं ९ दाबलं गेलं की डॉसबॉक्स न विचारता बंद. गेम साठ मिनिटांत संपवायचा असतो, त्यातली बत्तीस उरलेली असताना दाबलं होतं मी.

पण खरं दुखणं शिफ्ट. ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये की तलवारीचा वार शिफ्टवर आहे. तिसऱ्या लेव्हलचा तो सांगाडा आठवतोय ना, तो मरत नाही, त्याला वार करत करत मागे रेटून खाली पाडावं लागतं. म्हणजे शिफ्ट शिफ्ट शिफ्ट शिफ्ट, आणि पाचव्या शिफ्टला टूंक करून विंडोज मधे येतं, तुम्हाला स्टिकी कीज चालू करायच्या आहेत का? नाही करायच्या! मी लढतोय! मागे गेम थांबत नाही, सांगाडा तेवढ्यात आपलं काम करून मोकळा. सहाव्या लेव्हलच्या ढेरपोट्यासमोर पण तेच. पहिला महिना मी नो दाबत राहिलो, मग सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे कीबोर्ड, आणि स्टिकी कीज शॉर्टकटसकट बंद करून टाकल्या. इथे मी लिहिणार होतो की हे फीचर ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला गेममधल्या त्या खिळ्यांवर बसवा.

आता ते मागे घेतो. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून उजवा हात चालत नाही. सरकारी नोकरीत इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड शिकलेले, टायपिंग अजून त्यातच करतात, आता डाव्या हाताने. इनस्क्रिप्टमध्ये ळ, ण, श सगळे शिफ्टमध्ये. मी बंद केलं त्या आठवड्यात ग्रुपवर नोटीस पडली, चष्मा न लावता पाठवलेली:

सर्वांना कलविम्यात येते की सनिवारी पामी येमार नाही.

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. आतून हाक आली, "अरे, माझा ळ कुठे गेला?" मला कळेना. मग त्यांनी दाखवलं, शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर दाबायचं, दोन्ही एकदम दाबावं लागत नाही. म्हटलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? तर म्हणे कोणी नाही, एकदा चुकून पाच वेळा शिफ्ट दाबलं गेलं, एक पाटी आली, मी येस केलं. आणि मी महिनाभर त्याच पाटीला नो करत होतो.

मग परत चालू केलं तर नवीनच भानगड. त्यात एक सेटिंग आहे की दोन बटणं एकदम दाबली की स्टिकी कीज आपोआप बंद. प्रिन्समध्ये खिळ्यांजवळ जपून पाऊल टाकायला शिफ्ट आणि बाण एकदमच दाबावे लागतात. म्हणजे मी एक पाऊल टाकलं की बाबांचा ळ गेला.

शेवटी दोन अकाउंट केली, सेटिंग ज्याचं त्याचं वेगळं राहतं. खर्च शून्य, फक्त ४५० चा वायरचा कीबोर्ड घ्यावा लागला कारण लॅपटॉपचे वरखालीचे बाण अर्ध्या नखाएवढे आहेत, तो खर्च मला अजून टोचतो. बाकी आठ महिन्यांत गेम एकदाही अडकला नाही. पैकीच्या पैकी देतो.

काल घाईत बाबांच्याच अकाउंटमध्ये लावला. आठवलं तेव्हा उशीर झालेला, गेम बंद केला आणि गुपचूप पाच वेळा शिफ्ट दाबून त्यांचं त्यांना परत चालू करून ठेवलं. टूंक वाजलंच.

हॉलमधून आवाज, "मेलास का रे परत?"