एच-४ हेडलाइट अपग्रेड: कोकणच्या पावसात कोणता बल्ब कामाचा, कोणता नुसता चमकणारा

गणपती जवळ आले की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत स्पेअरपार्टच्या दुकानांत एकच मागणी असते, "लाइट कमी पडतोय, जरा पॉवरफुल काहीतरी द्या." मग काउंटरवर येतो तो पंखा बसवलेला एलईडी बल्ब. खोक्यावर २०,००० ल्युमेन (एकूण प्रकाश मोजायचं एकक) छापलेले असतात. तो विकत घेण्याआधी हे वाचा. इथे विचार फक्त एच-४ बल्बच्या गाड्यांचा केला आहे, म्हणजे अल्टो, वॅगन-आर, ईको, बोलेरो यांच्या साध्या मॉडेलांचा, जिथे डिप्पर आणि अप्पर एकाच बल्बात असतात आणि मागे साधा रिफ्लेक्टर असतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिले पैसे रिलेच्या (छोट्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट बल्बाला करंट सोडणारा स्विच) वायरिंगवर घाला, दुसरे काच साफ करण्यावर, तिसरे ६०/५५ वॅटच्याच चांगल्या हॅलोजनवर. एलईडीचा नंबर त्यानंतर, आणि तोही गाडी बघून. एचआयडी किट (तारेऐवजी वायूत ठिणगी पेटवणारे झेनॉन दिवे) घेऊच नका.

वायरिंग आधी का, ते बघा. एच-४ चा डिप्पर १३.२ व्होल्टला सुमारे १००० ल्युमेन देतो आणि अप्पर सुमारे १६५०. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, कितीतरी वेगाने घसरतो. बल्बापर्यंत १३.२ ऐवजी १२ व्होल्टच पोचले तर पाव हिश्शापेक्षा जास्त प्रकाश गेला. जुन्या गाडीत स्टिअरिंगखालच्या स्विचमधून, बारीक वायरीतून, दोन-तीन कपलरांतून (वायर जोडणारे प्लग) वळसे घेत करंट येतो, त्यात एक-दीड व्होल्ट सहज गळतात. किनाऱ्यावर त्यात खारी हवा भर घालते. मालवण, देवगड, गुहागर अशा ठिकाणी कायम उभ्या राहणाऱ्या गाडीचा हेडलाइटमागचा कपलर उघडून बघा. पितळी पिनेवर हिरवट पावडर धरलेली असते आणि अर्थिंगच्या बोल्टाखालचा पत्रा गंजून फुगलेला असतो. अशा गाडीत महागडा बल्ब टाकला तरी उपाशीच राहणार.

तपासायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, डिप्पर चालू. आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. मग बल्ब लावलेलाच ठेवून कपलरच्या मागच्या बाजूने पिनांवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टाच्या आत असेल तर वायरिंगला हात लावायची गरज नाही. जास्त असेल तर एक टोक बल्बाच्या अर्थ पिनेला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. इथे ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगचा. बोल्ट सोडवा, पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, नवा लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावून परत घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन फासा. कित्येक गाड्यांचं काम एवढ्यावरच भागतं, आणि खर्च एका लगाचा.

रिले किट तयार मिळतं, साधारण हजार रुपयांच्या आसपास. घेताना तीन गोष्टी बघायच्या: वायर खरोखर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची आहे का, होल्डर सिरॅमिकचे आहेत का, आणि फ्यूजच्या डबीला झाकण आहे का. स्वस्त किटमध्ये वायर जाड दिसते, पण ती नुसती प्लास्टिकची जाडी. एक टोक सोलून बघू द्या म्हणावं. देत नसेल तर दुसरं दुकान.

जोडणी अशी. दोन रिले, एक डिप्परला, एक अप्परला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर निघते आणि वीतभर अंतराच्या आतच फ्यूज लागतो. ६०/५५ च्या जोडीला दर रिलेमागे १५ अँपिअर पुरतात. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर जाते, ८७ वरून दोन्ही बल्बांकडे. ८६ ला गाडीच्या मूळ कपलरमधून इशारा मिळतो, ८५ अर्थला. म्हणजे स्विचवर आता रिलेच्या कॉइलपुरता नाममात्र करंट उरतो आणि बल्ब थेट बॅटरीवर चालतात. मूळ वायर कापायची नाही. एका बाजूचा जुना कपलर किटच्या सॉकेटमध्ये बसतो, दुसऱ्या बाजूचा कपलर टेप गुंडाळून बांधून ठेवायचा. वॉरंटीतल्या गाडीत हे विशेष पाळा.

इथे एक अडचण नेहमी येते आणि इलेक्ट्रिशियन "किटच खराब आहे" म्हणून मोकळा होतो. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घराण्यातल्या, स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. एच-४ च्या सामाईक पिनेवर कायम पॉझिटिव्ह असतो आणि डिप्पर-अप्पर अर्थ देऊन पेटवले जातात. असल्या गाडीत साधं किट लावलं की रिले टिक करत नाही, किंवा डिप्पर आणि अप्पर एकत्र पेटतात. उपाय सोपा: ८५ अर्थला न नेता कॉइलची दोन्ही टोकं जुन्या कपलरच्या पिनांवरच घ्यायची, एक सामाईक पिनेवर, दुसरं डिप्पर किंवा अप्परच्या. रिलेत डायोड नसेल तर उलटसुलट कशीही चालतात. रिले बसवताना तोंड खाली ठेवा, म्हणजे पिनांत पाणी साचत नाही.

आता बल्ब. ऑस्राम नाइट ब्रेकर लेझर, फिलिप्स एक्स्ट्रीम व्हिजन ही जात. नाइट ब्रेकरच्या खोक्यावर "१५० टक्क्यांपर्यंत जास्त प्रकाश" असतं. हा आकडा कायद्याने लागणाऱ्या किमान प्रकाशाच्या तुलनेत, रस्त्यावरच्या ठरावीक भागापुरता आहे; एकूण ल्युमेन अडीचपट झाले असा अर्थ लावू नका. वॅट तेच, ६०/५५. तार आखूड आणि दाट गुंडाळलेली असते, आत झेनॉन वायूचा दाब जास्त असतो, त्यामुळे प्रकाश एका जागी जास्त गोळा होतो आणि रिफ्लेक्टर तो लांब फेकतो. रस्त्यावर फरक खरंच दिसतो, डाव्या कडेला जास्त. किंमत मात्र आयुष्यातून वसूल होते. साधा बल्ब जितका टिकतो त्याच्या निम्माही हा टिकत नाही, आणि व्होल्टेज जास्त मिळालं तर आणखी लवकर उडतो. रोज रात्री फिरणाऱ्या मासळीच्या टेम्पोला हा परवडणार नाही. महिन्यातून दोनदा मुंबई–कणकवली करणाऱ्याला चालेल. नकली माल भरपूर आहे, तेव्हा बल्बाच्या धातूच्या कड्यावर वर्तुळातलं ई-चिन्ह कोरलेलं आहे का ते बघा, खोक्यावरच्या होलोग्रामवर जाऊ नका. आणि काचेला बोट लावायचं नाही. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डागाच्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

निळसर काचेचे "डायमंड", "क्रिस्टल" छापाचे हॅलोजन दिसायला पांढरे असतात. तो पांढरेपणा रंगाच्या थराने पिवळा भाग गाळून आणलेला असतो, म्हणजे मिळणारा प्रकाश उलट कमी. शोभेची वस्तू.

१००/९० वॅटचे रॅली बल्ब कोकणात आजही खपतात आणि अप्परवर त्यांचा मारा जबरदस्त आहे, हे नाकारता येत नाही. पण ते रस्त्यावरच्या वापरासाठी मान्य नाहीत. जोडी अप्परवर १५ ते १७ अँपिअर ओढते. रिलेशिवाय लावले की आधी होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होतं, मग पिना सैल पडतात, मग वास येतो. रिले आणि सिरॅमिक होल्डर असले तरी प्लास्टिक रिफ्लेक्टरचा मुलामा उष्णतेने काळवंडतो, आणि एकदा तो गेला की कोणताही बल्ब लावा, उजेड मंदच. लोखंडी रिफ्लेक्टर आणि काचेची काच असलेल्या जुन्या जीपगाड्यांत हे सहन व्हायचं. आजच्या पॉलिकार्बोनेटच्या हेडलाइटमध्ये नाही.

एलईडीकडे येऊ. २०,००० ल्युमेनची जोडी खरी असती तर तिला दीड-दोनशे वॅट लागले असते आणि बल्बामागच्या बोटभर पंख्याने ती थंड झाली नसती. बऱ्यापैकी बल्ब २५ ते ३० वॅटचा असतो आणि २००० ते ३००० ल्युमेन देतो. तेही हॅलोजनपेक्षा जास्तच, मग तक्रार कसली? तक्रार जागेची. रिफ्लेक्टर बनवलाय तो तारेच्या नेमक्या जागेसाठी. हॅलोजनच्या डिप्परच्या तारेखाली छोटी धातूची वाटी असते, ती वरचा प्रकाश कापते. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. पट्टी जाड असली किंवा चिप मिलिमीटरभर पुढेमागे असली की कट-ऑफ, म्हणजे डिप्परच्या प्रकाशाची वरची स्पष्ट कड, विरघळतो आणि समोरच्याच्या डोळ्यात सगळा प्रकाश जातो. शिवाय बॉनेटसमोरचे दहा-पंधरा मीटर लख्ख उजळतात, डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट काळोखात जातं. चालकाला वाटतं लाइट झकास आहे. दिसत मात्र कमी असतं.

घ्यायचाच तर पातळ पट्टीचा, डिप्परच्या चिपखाली वाटी असलेला आणि कॉलर फिरवता येणारा घ्या. बसवल्यावर चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला याव्यात. भिंतीवर कट-ऑफची रेघ स्पष्ट दिसली तर ठेवा, धूसर आली तर परत करा. परत घेत नसेल त्या दुकानातून घेऊ नका. पंख्यासाठी मागचं रबर बूट कापावं लागत असेल तर तो बल्ब आपल्यासाठी नाही, कारण त्याच भोकातून जुलैत पाणी आत येणार. आणि हॅलोजनची उष्णता काचेमागचं धुकं सुकवते, एलईडीची उष्णता मागे पंख्याकडे जाते. त्यामुळे एलईडी लावलेल्या हेडलाइटमध्ये पावसाळाभर दव साठून राहतं. एफएम रेडिओत खरखर सुरू झाली तर तीही त्याच बल्बाच्या ड्रायव्हरची, म्हणजे करंट सांभाळणाऱ्या सर्किटची.

एचआयडी किट साध्या रिफ्लेक्टरमध्ये म्हणजे समोरच्याला आंधळं करायचं काम. सुरू होताना त्याचा बॅलास्ट (व्होल्टेज वाढवणारा डबा) वीस हजार व्होल्टच्या वर झटका देतो, खाऱ्या ओलाव्यात त्या जोडण्या किती टिकणार? शिवाय पूर्ण उजळायला काही सेकंद लागतात.

रंगाचं थोडं. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो, आपला प्रकाश पुढे ढकलून देतो, आपल्याकडे फारसा परत येऊ देत नाही. त्यात बसलेली काळी म्हैस हा आंबोली किंवा करूळ घाटाखालचा नेहमीचा प्रसंग. ६००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका रंग निळसर-पांढरा) थंड पांढरा प्रकाश दाट धुक्यात समोर पांढरी भिंत उभी करतो. हॅलोजनचा ३२०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर प्रकाश डोळ्याला कमी टोचतो, आणि आपल्याकडे रस्त्याची कड जांभ्याच्या लाल मातीची असल्याने ती कडही त्यात जास्त उठून दिसते, कारण लाल माती लाल-पिवळाच प्रकाश परत फेकते. आंबोलीतून नेहमी जाणं असेल तर हेडलाइट तसेच ठेवून बंपरमध्ये खाली पिवळे फॉगलॅम्प लावा. घाटातल्या वळणावर लांबीपेक्षा रुंदी कामाला येते, आणि ती तेच देतात.

काच पिवळी पडली असेल तर वरचं सगळं फुकट. १०००, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, मग पॉलिश आणि शेवटी यूव्ही क्लिअरकोट. टूथपेस्टने घासलेली काच समुद्रकाठच्या उन्हात काही आठवड्यांत परत पिवळी होते, कारण वरचा संरक्षक थर तर गेलेलाच असतो.

बल्ब बदलला की फोकस सेट करायचाच. सपाट जागा, टायरमध्ये नेमकी हवा, चालकाच्या जागी माणूस बसलेला, लेव्हलरचं (हेडलाइटचा झोत वर-खाली करणारं) बटण शून्यावर. गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. बल्बाच्या मध्याची उंची भिंतीवर खुणा करून आखा आणि डिप्परचा कट-ऑफ त्या रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली आणा. म्हणजे एक टक्का उतार: हेडलाइट ६५ सेंटिमीटरवर असेल तर कट-ऑफ ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. रेघ डावीकडे वर चढली पाहिजे. उजवीकडे चढत असेल तर ती असेंब्ली उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशातली आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या "प्रोजेक्टर" असेंब्लींत हे आढळतं. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत अशी डिप्परची मांडणी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०६ मध्ये सांगितलीच आहे, तेव्हा टॅक्सी-टेम्पोच्या पासिंगला चुकीचा फोकस नडतो.

बल्ब नेहमी जोडीने बदला आणि जुन्यांतला चालू असलेला एक डब्यात स्पंजात गुंडाळून ठेवा. त्याच्याबरोबर १५ अँपिअरचे दोन फ्यूज. पावसाळा संपला की दोन्ही कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लिनर मारा, अर्थचा बोल्ट एकदा सोडवून आवळा आणि रिलेची पिन ढिली झालेली नाही ना, ते हलवून बघा.