दान आलेले ऑफिस डेस्कटॉप, एक वर्ष, पत्र्याच्या घरात : वापरानंतरचा अनुभव

जूनमध्ये शाळा उघडताना घरोघरी दिलेली मशीन मे अखेरीस पुन्हा उघडून पाहिल्यावर हे लिहिलं आहे. घरं जालना, बीड आणि परभणी जिल्ह्यांतली. मशीन म्हणजे कार्यालयांनी काढून टाकलेले डेस्कटॉप, साधारण २०१३-१४ चे: चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री, डीडीआर-थ्री रॅम. त्यात ४ जीबीच्या दोन पट्ट्या, नवी २४० जीबीची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क), घड्याळाचा नवा सेल, नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा लेप) आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. प्रोसेसर जुना म्हणून काम अडलं असं कुठे दिसलं नाही. त्रास झाला तो अर्थिंग नसल्यामुळे, उन्हामुळे आणि धुळीमुळे. म्हणून प्रोसेसरवर कमी आणि या तिघांवर जास्त लिहितो.

दान घेतानाच बायोसला, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, पासवर्ड आहे का ते पाहा. जुन्या डेस्कटॉपवर तो बोर्डावरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून बहुधा जातो. कंपनीच्या लॅपटॉपवर सहसा जात नाही, तो देणाऱ्याच्या आयटी विभागाकडूनच काढून घ्यावा. मग कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरची छोटी नळकांडी: डोकं फुगलेला एक जरी दिसला तर तो बोर्ड सुट्या भागांसाठी ठेवा. जुनी हार्ड डिस्क एनवाइप या प्रोग्रामने शून्य भरून पुसायची. ५०० जीबीला एका फेरीत दीड-दोन तास जातात. पुसल्यावर स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) पाहायचा: ५ नंबरचा आकडा म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे अडकून पडलेले. १९७ शून्याच्या वर असेल तर ती डिस्क कुणाच्या घरी देऊ नये. चांगली निघाली तर एसएसडीच्या जोडीला धड्यांचे व्हिडिओ ठेवायला उपयोगी पडते.

रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबरने पुसली की सुरू होताना बीप देणाऱ्या कितीतरी मशीन सरळ होतात. तरीही मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावाच. पट्टी सदोष असेल तर ती मिंट टाकतानाच दिसेल असं नाही; महिन्याभराने मुलीचा प्रोजेक्ट सेव्ह होताना दिसते.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) बदलायची वेळ आली तर आधी पिन मोजा. डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० आणि ९०२० मध्ये बोर्डाला २४ ऐवजी ८ पिनांचा कनेक्टर आहे. बाजारातला साधा एसएमपीएस लावायचा तर २४ ते ८ पिनांची जोडवायर लागते. ती तालुक्याला मिळत नाही, आधीच मागवून ठेवावी.

आता अर्थिंग. "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात" ही सगळ्यात जास्त आलेली तक्रार, आणि तो मशीनचा दोष नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं, म्हणजे ११०-११५ व्होल्ट तरंगत राहतं. करंट थोडा असतो, पण अनवाणी, सारवलेल्या ओल्या जमिनीवर बसलेल्या पोराला तो चांगलाच जाणवतो. मशीन ठेवण्याआधी मल्टिमीटरने तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ७० किंवा १२० असं काहीही दाखवत असेल तर बोर्डातली तिसरी पिन नुसतीच बसवलेली आहे, मागे वायर नाही. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. मीटरवर सगळं बरोबर दिसतं, झिणझिण्याही थांबतात, आणि ज्या दिवशी न्यूट्रल तुटतो त्या दिवशी अख्खी बॉडी फेजवर जाते. हे कधीही करू देऊ नका. खड्डा घेऊन, कोळसा-मीठ टाकून रॉड ठोकणं हाच उपाय. त्यातही आपल्या काळ्या रानाची एक खोड आहे: उन्हाळ्यात जमीन भेगाळली की मातीची रॉडवरची पकड सुटते. जूनमध्ये चांगली असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये नापास होते. मार्चपासून आठवड्याला एक बादली पाणी त्या खड्ड्यात ओतायला घरच्यांना सांगून ठेवावं.

पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी मशीन आपोआप बंद होण्याच्या तक्रारी आल्या. पेस्ट सगळीकडे नवीच होती, म्हणून कारण एकच निघालं, हीटसिंकच्या पात्यांत बसलेला धुरळ्याचा नमदा. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा आरपार जात नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग जातं. माळवदाच्या घरात धूळ वेगळीच: वरून पांढरी माती झडत असते. तिथे महिन्याला सफाई, बाकी ठिकाणी तीन महिन्यांना. मशीन जमिनीवर ठेवायचं नाही, भिंतीपासून वीतभर पुढे घ्यायचं, आणि चालू असताना त्यावर कापड टाकायचं नाही. बाया मायेने झाकून ठेवतात, म्हणून हे समजावून सांगावं लागतं. बंद असताना मात्र झाकलेलं बरं.

सेलचं गणित इथे वेगळं आहे. मशीनला वीज जोडलेली असली की घड्याळ त्यावर चालतं आणि सीआर-२०३२ सेल वाचतो. घरोघरी रात्री बोर्डाचं बटण बंद करतात, ते योग्यही आहे, पण मग सगळा भार सेलवर येतो. सेल उतरला की तारीख मागे जाते आणि मशीन "एफ-वन दाबा" यावर थांबतं. घरच्यांना वाटतं कॉम्प्युटर गेला. एक जादा सेल कॅबिनेटच्या आत चिकटवून द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मशीन दिवाळीनंतर पाच-सहा महिने बंद राहतं. मागच्या उघड्या स्लॉटमधून पाल आत जाते आणि एसएमपीएसमध्ये मरते. परत आल्यावर बटण दाबलं की सरळ फ्यूज. स्लॉटच्या पत्र्याच्या पट्ट्या बसवल्याशिवाय मशीन बाहेर जाऊ देऊ नये. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी अशा बंद घरात कायमची मरते, कारण उतरलेल्या अवस्थेत तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. तो यूपीएस शेजाऱ्याकडे ठेवून महिन्यातून एक रात्र चार्ज करायला सांगावं. नाहीतरी त्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तासच असतात, प्रत्यक्षात हाती बरेच कमी लागतात. मॉनिटरसकट ७० वॅटच्या मशीनला पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे काम सेव्ह करून बंद करण्यापुरती.

वीजबिलाची भीती सगळ्यांनाच असते. ७० वॅट, रोज चार तास, तीस दिवस: साडेआठ युनिटच्या आत. हा हिशोब कागदावर लिहून द्या.

मिंटबद्दल समाधान आहे. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं की ड्रायव्हर न टाकता नेट चालू होतं. स्वस्त वायफाय डोंगलची झंझट टळते. फक्त अपडेट आपोआप होणार नाहीत असं ठेवा, नाहीतर रोजचा दीड जीबीचा पॅक सकाळीच संपतो. टाइमशिफ्टच्या, म्हणजे मशीन बिघडलं तर मागे नेण्यासाठी मिंट साठवतं त्या, दोनच प्रती ठेवा, जास्त ठेवल्या तर डिस्क भरते आणि मशीन लॉगिनच घेत नाही. यूट्यूब डीफॉल्टने व्हिडिओ व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या नव्या प्रकारांत पाठवतं, ते या चिपला हार्डवेअरवर उलगडता येत नाही, म्हणून पंखा बोंबलतो. ब्राउझरमध्ये एच-२६४ हा जुना प्रकार मागणारं एक्स्टेन्शन टाकून व्हिडिओचा दर्जा ४८० वर ठेवला की शांत. बालभारतीची पीडीएफ पुस्तकं आधीच भरून द्या. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून मिळतो, कळांवर स्टिकर लावा.

मिंटची अडचण एकाच ठिकाणी आली, टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी. क्लासचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, आणि कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते. अशा विद्यार्थ्यासाठी नव्या पिढीचं मशीन बाजूला काढून ठेवावं, चौथ्या पिढीवर ओढाताण करू नये.

लॅपटॉप मात्र पत्र्याच्या घरात शक्यतो देऊ नका. जुनी लिथियम बॅटरी उन्हात फुगते, टचपॅड वर उचलला जातो तीच खूण. ती दिसताच चार्जर काढायचा, बॅटरी न दाबता, न टोचता बाहेर घ्यायची आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्यायची, भंगारवाल्याला नाही. लॅपटॉप द्यायचाच असेल तर बॅटरी काढून, थेट अडॅप्टरवर चालतो याची खात्री करून द्या. आणि तशा लॅपटॉपसोबत यूपीएस हवाच, कारण लाईट गेली की तो त्याच क्षणी बंद होतो.