जुन्या पिकअपचे ‘फॅक्टरी रेकॉर्ड’ विकणाऱ्यापासून सावध राहा

१,८१३ डॉलर ४० सेंट. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तक्रार घेऊन जिथे जिथे गेलो तिथे आकडा ऐकल्यावर समोरच्याने पेन खाली ठेवले. हिशोब असा: ‘फॅक्टरी रिपोर्ट’चे ३८५, ‘अर्काइव्हमधून कागद तातडीने काढण्याचे’ १२०, ‘कंपनीच्या सीलबंद’ वायरिंग हार्नेसचे (गाडीभर फिरणाऱ्या तारांच्या जुडग्याचे) १,२४० आणि कुरिअरचे ६८.४०. ऑनलाइन गंडवणारे कसे बोलतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होते. लॉटरीवाले, केवायसीवाले, कस्टममध्ये पार्सल अडकलेवाले, सगळ्यांचे फोन मी हसत कापले आहेत. हा माणूस त्या जातीचा नव्हता. त्याला गाडीतले कळत होते, निदान माझ्यापेक्षा चार शब्द जास्त येत होते. घात झाला तो तिथे.

मी टेक्सासमध्ये राहतो आणि माझ्याकडे १९७२ ची शेवरोले सी-१० पिकअप आहे. आधीच्या मालकांनी तिच्यावर मनाला येईल ते प्रयोग करून ठेवलेत. डॅशमध्ये अँमीटर (विजेचा प्रवाह दाखवणारा काटा) आहे, पण तो कारखान्यातून आलेला की नंतर कोणी ठोकलेला, पत्ता नाही. इंजिन ३५० घनइंचाचे आहे, मूळचे कोणते होते देव जाणे. वायरिंगला इतके जोड की एकाच तारेचे तीन रंग होतात. आता हे सगळे परत नीट करायचे तर मूळ गाडीत काय होते ते आधी कळायला हवे, कारण नुसत्या इशारा-दिव्यांच्या डॅशचे हार्नेस वेगळे आणि काट्यांच्या डॅशचे वेगळे. कारखान्यातला अँमीटर असेल तर त्याला जाणाऱ्या दोन बारीक तारांवर दोन छोटे फ्यूज असतात. माझ्याकडे तार होती, फ्यूज नव्हते. म्हणजे कोणी काढले, की कधी नव्हतेच?

गाडीच्या नंबरावरून (पाटीवरचा नव्हे, कारखान्याने दिलेला व्हीआयएन) थोडेफार कळते. माझा नंबर ‘सीसीई१४२एस’ असा सुरू होतो. पहिला सी शेवरोलेचा, दुसरा टू-व्हील ड्राइव्हचा (फोर-व्हीलला के), ई म्हणजे व्ही-८ (आठ सिलिंडरचे इंजिन), १ म्हणजे अर्धा टन, ४ म्हणजे पिकअप, २ म्हणजे १९७२ आणि शेवटचा एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. संपले. व्ही-८ एवढेच कळते, ३०७ की ३५० की ४०२ ते नाही. ते छापलेले असते ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदी लेबलवर, एकेका ऑप्शनच्या कोडसकट. माझ्या गाडीचे झाकण कोणीतरी बदललेले. लेबल गेले ते गेलेच.

हा गृहस्थ पार्ट शोधताना एका जाहिरातीतून भेटला. म्हणाला, लेबल नसले तरी काळजी नको, माझी आत ओळख आहे, तुझ्या नंबरावरून कारखान्याची मूळ नोंद काढून देतो.

लोक विचारतात, विश्वास बसलाच कसा? बसला, कारण फोर्डच्या बाबतीत हे खरे आहे! १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचा डेटा परवाना घेऊन चालवणारे लोक आहेत, पैसे भरले की तुमच्या गाडीचा अहवाल घरी येतो. माझ्या ऑफिसातल्या एकाने असा अहवाल काढून फ्रेम करून लावला आहे. फोर्डचा मिळतो तर शेवरोलेचा का मिळणार नाही, असे वाटण्यात मूर्खपणा कसला? नंतर कळले की अमेरिकेत बनलेल्या त्या काळच्या शेवरोले ट्रकची गाडीगणिक नोंद तुम्हा-आम्हाला मिळत नाही. कॅनडात बनलेली असेल तर जीएम (शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स) कॅनडाकडून कागद मिळू शकतात, नंबरात कारखान्याच्या जागी १ असेल तर ती कॅनडातल्या ओशावा कारखान्याची. बाकीच्यांनी मूळ लेबल शोधावे. आणि हो, लेबलवरही डोळे मिटून विसंबू नका. हवे ते कोड टाकून नवे लेबल छापून देणारे उघड धंदा करतात. त्यात बेकायदा काही नाही, ते त्याला नक्कलच म्हणतात. पुढचा माणूस तीच नक्कल चिकटवून गाडी विकतो ती भानगड वेगळी.

तर रिपोर्ट आला. ६४ पानांची पीडीएफ, वर सोनेरी शिक्का, माझा नंबर, सही. पहिली चार पाने त्याची. उरलेली साठ पाने म्हणजे जीएम हेरिटेज सेंटरच्या साइटवर ज्याला हवी त्याला फुकट मिळणारा १९७२ च्या शेवरोले ट्रकचा माहिती-संच! त्या वर्षी कोणकोणते ऑप्शन मिळत होते, इंजिने कोणती, मापे काय, हे त्यात असते, आणि माहिती चांगली असते. पण ती त्या वर्षीच्या सगळ्या ट्रकची. माझ्या ट्रकबद्दल त्यात एक अक्षर नाही. पैसे देण्याआधी तो संच उतरवून घ्या, अर्धे भामटे तिथेच उघडे पडतील.

तिसऱ्या पानावर लिहिले होते: ‘फ्रीमाँट, कॅलिफोर्निया येथे जोडणी.’

फ्रीमाँट! नंबरात एस, आणि फ्रीमाँटचे अक्षर झेड. हे मला तेव्हा माहीत होते. मी ते वाचले, खाली पिवळी रेघ मारली आणि त्याला विचारलेसुद्धा. त्याने क्षणाचाही वेळ न घेता सांगितले, ‘अरे मित्रा, जोडणी सेंट लुईसचीच, कागदपत्रांचे बॅच फ्रीमाँटच्या नावाने निघायचे, सगळेच इथे गोंधळतात.’ सगळेच गोंधळतात! ते वाक्य अजून कानात सलते. एवढ्या सराईतपणे उत्तर तयार आहे म्हणजे हा प्रश्न त्याला आधीही कोणीतरी विचारला असणार, हे तेव्हा डोक्यात यायला हवे होते. उलट मला वाटले, बघा, माणूस जाणकार आहे. ५०५ डॉलरवर भागले असते. त्याच फोनवर त्याने हार्नेसचा विषय काढला: ‘तुझी गाडी काट्यांच्या डॅशची निघाली, आणि योगायोगाने त्याचेच मूळ हार्नेस माझ्याकडे पडून आहे, पॅकार्ड इलेक्ट्रिकचे, खोके न उघडलेले.’ पॅकार्ड इलेक्ट्रिक हा त्या काळी जीएमचाच तारा बनवणारा विभाग होता, ओहायोत वॉरेनला. नाव खरे, म्हणून माल खरा वाटला.

पैसे एका पेमेंट ॲपमधून ‘घरच्यांना-मित्रांना’ या पर्यायाने मागितले, कमिशन वाचते म्हणून. या पर्यायाने गेलेला पैसा परत येत नाही. कोणी अनोळखी माणूस तो पर्याय सुचवत असेल तर फोन ठेवून द्या, पुढे काही ऐकूच नका.

खोके आले. लेबल पिवळे पडलेले, पण सगळीकडे सारखेच पिवळे, चिकटपट्टीच्या खालीसुद्धा. पन्नास वर्षांच्या कागदाचा रंग उघड्या जागी आणि झाकल्या जागी एक कसा राहील? माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने हार्नेस हातात घेतले, कापडी टेपचा एक वेढा सोडवला, आणि तारेवर पांढऱ्या अक्षरांत छापलेले दिसले: हेड लाइट. दोन इंच पुढे पुन्हा हेड लाइट. तारेवर सर्किटचे नाव छापणे हे आजच्या बाजारू किटचे काम, १९७२ मध्ये असे कोणी छापत नव्हते. बाहेरच्या कनेक्टरवर जुनी, कुठल्यातरी भंगारातल्या गाडीची प्लगे बसवलेली, आत स्वस्त किट. व्होल्टेज रेग्युलेटरचा (अल्टरनेटर, म्हणजे गाडीत वीज बनवणारे यंत्र, त्याचा दाब आवरणाऱ्या भागाचा) फाटाच नव्हता. १९७२ पर्यंत या ट्रकचा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या बाहेर, रेडिएटरच्या सपोर्टवर असतो, १९७३ पासून तो अल्टरनेटरच्या पोटात गेला. हार्नेसच्या फोटोत हा फाटा आहे की नाही एवढे बघायला काहीही लागत नाही. विकणाऱ्याकडून पूर्ण पसरलेल्या हार्नेसचा फोटो मागा, गुंडाळलेल्याचा नको.

याहून वाईट म्हणजे फ्युजिबल लिंक नव्हती. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत मुद्दाम ठेवलेला तो तुकडा शॉर्ट झाला की आधी स्वतः वितळतो आणि बाकीचे हार्नेस वाचवतो. त्याच्या जागी साधी जाड तार. या पिढीच्या ट्रकमध्ये पेट्रोलची टाकी कुठे असते ठाऊक आहे का? केबिनच्या आत, सीटच्या मागे. माझा मुलगा त्या सीटवर बसतो. हे जोडून मी रस्त्यावर आलो असतो तर काय झाले असते, ते त्या माणसाला माहीत होते. त्याला गाडीतले कळते, हे आधीच सांगितले.

आता सरकारी पाहुणचार. स्थानिक पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद आहे, वस्तू तर मिळाली ना? बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले. ॲपवाले म्हणाले, मित्राशी बोलून मिटवा. मित्राशी! सायबर तक्रारीच्या पोर्टलवर सगळे भरले, उत्तरात आपोआप येणारा क्रमांक मिळाला आणि ‘प्रत्येक तक्रारीला उत्तर देणे शक्य नाही’ अशी ओळ. त्याच्या राज्यातल्या ग्राहक खात्याने त्याला पत्र पाठवले, त्याने उत्तर दिले नाही, खात्याने मला कळवले की त्याने उत्तर दिले नाही, फाइल बंद. एका केंद्रीय कार्यालयात तर साहेबांनी ऐकवले की माल खासगी कुरिअरने आला म्हणून टपाल फसवणुकीत बसत नाही. अहो, १९९४ सालापासून तो कायदा खासगी कुरिअरलाही लागू आहे! एवढे मला, कोडिंग करून पोट भरणाऱ्याला, संध्याकाळी बसून सापडते आणि तुम्हाला तुमचा स्वतःचा कायदा सापडत नाही? मी कलम वाचून दाखवले, तर म्हणे रक्कम लहान आहे. मग आधीच रक्कम लहान आहे म्हणायचे होते, कायद्याच्या गप्पा कशाला? इथल्या जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या न्यायालयात) २०,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, पण तो माणूस दुसऱ्या राज्यात, आणि त्याने दिलेला पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी. नोटीस बजावायची कोणावर, पेटीवर? भामट्यालाही हे गणित पाठ आहे. दोन हजारांच्या आत राहायचे, राज्याची हद्द मध्ये ठेवायची, कोणी हात लावत नाही.

माझी बायको म्हणते, सोड आता. कसे सोडू? तीच जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा लागली आहे, त्याच लाकडी टेबलावर त्याच खोक्याचा फोटो, या वेळी १९६९ च्या ट्रकसाठी. खोक्याच्या डाव्या कोपऱ्यात लेबल त्रिकोणी फाटलेले आहे, ते बघा. आणि ज्यांच्याकडे असा सोनेरी शिक्क्याचा रिपोर्ट आधीच आला आहे त्यांनी तिसरे पान उघडावे. तिथे फ्रीमाँट असेल आणि तुमच्या नंबरात झेड नसेल, तर मला कळवा. चार-पाच तक्रारी एकत्र गेल्या तर रक्कम लहान राहणार नाही.