डायमंड शिवणीखाली सोफ्याचा चुरा

मोटरसायकलची सीट नव्याने करायला टाकणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: जुना फोम दुकानात सोडून येऊ नका. शिलाई वाकडी गेली तर ती दिसते, रेक्झिन पातळ असलं तर हाताला कळतं. फोम मात्र कव्हरच्या आत जातो, खालून पिना बसतात आणि पुन्हा उघडून बघायला कोणी जात नाही. लबाडी करायची तर ती तिथेच होते. सावंतवाडीपासून कणकवलीपर्यंत हायवेला सीट कव्हरची छोटी छोटी दुकानं आहेत आणि त्यात सरळ काम करणारेही भरपूर आहेत. माझं काम ज्याने केलं त्याचं नाव इथे लिहीत नाही. पद्धत लिहितो, कारण ती तुम्हाला दुसऱ्या गावातही भेटेल.

माझा धंदा पिग्मीचा, म्हणजे दुकानोदुकानी जाऊन रोजची बचत गोळा करायचा. मालवणातून निघायचं, कुंभारमाठ, चौके, कट्टा करून परत यायचं आणि संध्याकाळी तारकर्ली-देवबागची दुकानं घ्यायची. दिवस सगळा गाडीवर. इंजिनाची कसलीच तक्रार नव्हती, पण सीट मधोमध बसली होती आणि पुढे उतार धरत होती. ब्रेक मारला की माणूस टाकीवर. रात्री जेवायला पाटावर बसणंही नको वाटायचं.

चवथीच्या आधीचे दिवस होते. चाकरमानी यायच्या आत गाडी नीट करून घ्यायची ही आपल्याकडची रीतच, त्यामुळे दुकानात गर्दी. दुकानदाराने काउंटरखालून फोमचा एक तुकडा काढला, अंगठ्याने दाबला, बोट उचललं. खळगा सावकाश भरून आला. "मेमरी फोम. खाली चाळीस डेन्सिटी, मधी जेल. गोव्यापर्यंत जावा, कळूचा नाय." फोमचे १,१००, जेलचे ९००, डायमंड शिवणीच्या कव्हरचे १,०००. घासाघीस होऊन २,८०० ठरले. तोवर बाजार करून या म्हणाला. परत आलो तर सीट गाडीवर चढलेली होती, लाल दोऱ्याची शिवण झळकत होती, आणि बसल्यावर खरंच मऊ लागली. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला. पैसे स्कॅन करून दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं होतं, तेवढं लक्षात राहिलं.

तो अंगठ्याने दाबून दाखवण्याचा प्रकार नीट समजून घ्या, कारण अर्धी विक्री त्यावर होते. बसल्यावर आपलं वजन मुख्यतः कमरेच्या तळाच्या दोन हाडांवर येतं. एवढासा भाग, त्यावर साठ-सत्तर किलो. अंगठ्याला जो फोम छान मऊ लागतो तो या दोन हाडांखाली पार चपटा होतो, आणि मग आपण फोमवर न बसता खालच्या प्लास्टिकच्या पाट्यावर बसलेलो असतो. कंपनीचा फोम सुरुवातीला कडक वाटतो तो याचसाठी. बघायचंच असेल तर तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर गुडघा टेका. गुडघ्याला फरशी लागली तर तो फोम परत द्या. मेमरी फोम ही खरी वस्तू आहे, १९६६ साली अमेरिकेत नासाच्या कामासाठी विमानातल्या आसनांकरता तो पहिल्यांदा तयार झाला. पण तो वरच्या पातळ थराचा माल. खाली घट्ट फोम नसेल तर त्याचा उपयोग नाही. आणि काउंटरखालचा तुकडा खरा होता म्हणून सीटमध्ये गेलेला माल खरा, असं होत नाही.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग ठणका परत आला, आधीपेक्षा जास्त. त्यात पावसाने जोर धरला. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे सीट भिजायची ती भिजणारच. पण ही सीट फडक्याने कोरडी करून बसलो तरी पँट मागून ओली व्हायची. डायमंड शिवण म्हणजे सुईची शेकडो भोकं, तीही नेमकी बसायच्या जागेवर. प्रत्येक भोकातून पाणी आत जातं, फोम ते पिऊन ठेवतो आणि आपण बसलो की तेच पाणी वर येतं. गिऱ्हाइकाच्या दारात ओल्या पँटने उभं राहून पिग्मी गोळा करणं काय असतं ते मला विचारा. कंपनीच्या बऱ्याच सीटवर वरच्या बाजूला शिवण का नसते, ते तेव्हा कळलं.

आमच्या वाडीत गाद्या-सोफ्याचं काम करणारे एक तात्या आहेत. सीट उतरवून त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती उलटी करून मांडीवर घेतली आणि सपाट स्क्रू ड्रायव्हरने एकेक पीन उचकटायला लागले. पिना दोन महिन्यांच्या आत तांबूस झाल्या होत्या, काही तर हाताला लागताच तुटल्या. कव्हर मागे सारलं तशी कुबट वास आला. सगळ्यात वर बोटभर जाडीचा पांढरा स्पंज, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला. त्याखाली निळा रबरी चौकोन, वहीएवढा: हे माझं ९०० रुपयांचं जेल. तात्यांनी तो दुमडून बघितला. चपला करतात आणि व्यायामाच्या चटया करतात ती ईव्हीए शीट, जेलचा त्यात थेंब नाही. आणि तळाला, जिथे माझा कंपनीचा घडीव फोम असायला हवा होता तिथे रंगीबेरंगी ठोकळा. हिरवा, गुलाबी, पिवळा, मधेच काळा. तात्यांनी त्यातला एक कण नखाने उकरून काढला.

"झिला, हो तुजो फोम न्हय. हो सोफ्याचो चुरो. फसवल्यान तुका."

टाकाऊ फोमचा चुरा गोंद लावून दाबतात आणि त्याचे ठोकळे करतात. रीबॉन्डेड म्हणतात त्याला. हा माल बेकायदा वगैरे नाही, सोफ्याच्या तळाला चालतो. पण इथे तो सुरीने ओबडधोबड कापून सीटच्या आकारात कोंबला होता आणि कडेच्या फटीत कापडाच्या चिंध्या होत्या. माझा मूळ फोम गेला कुठे? मी पुन्हा दुकानात गेलो तेव्हा मागच्या माळ्यावर कंपनीच्या साच्यातले तीन-चार फोम एकावर एक रचलेले दिसले. त्यातला माझा कुठला ते सिद्ध करता येणार नाही. पण दुसऱ्या कुणाला तोच फोम "कंपनीचा ओरिजिनल" म्हणून विकला जात असणार, असा माझा पक्का समज आहे.

दुकानदाराचं म्हणणं ठरलेलं होतं. आधी "गाडी पावसात ठेवलात तुम्ही." मग "सीट बाहेर उघडलीत, आता गॅरंटी संपली." मग "हल्ली जेल असंच येतं." मी आवाज चढवला नाही. तात्यांकडे पिना काढताना मोबाईलवर फोटो घेतले होते ते दाखवले, पैसे पाठवल्याची नोंद दाखवली, आणि ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर त्याच्यासमोरच लावायला घेतला. त्यावर जेलचे ९०० रुपये परत मिळाले. बाकीच्यावर तो हलला नाही. मूळ फोमचा विषय काढला की तो आत निघून जायचा.

पुढची सीट मग घरीच केली, तात्यांच्या देखरेखीखाली. ती कशी केली ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आत काय असायला हवं हे ज्याला माहीत आहे त्याला दुकानात गंडवणं अवघड जातं.

ओळखीच्या गॅरेजमध्ये माझ्याच मॉडेलची एक सीट पडून होती, कव्हर फाटलेलं पण फोम शाबूत. ३०० रुपयांत मिळाली. वरचा घट्ट फोम कोल्हापूरहून मागवला. तो आला की तात्यांनी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागितला. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. चाळीस डेन्सिटीचा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड तुकडा साधारण ९४ ग्रॅम भरतो. बत्तीसचा ७५ च्या आसपास आणि अठराचा जेमतेम ४२. दुकानदार तोंडाने काहीही सांगो, काटा सांगतो ते खरं. फक्त चुऱ्याचा ठोकळा याहून बराच जड भरतो, म्हणून वजनाबरोबर रंगही बघायचा: एकसारखा रंग, एकसारखी जाळी. शिवाय डेन्सिटी वेगळी आणि कडकपणा वेगळा, तेव्हा गुडघ्याची परीक्षा चुकवू नका.

हाडं कुठे टेकतात हे शोधायला खोक्याचा नालीदार पुठ्ठा घेतला, कठीण स्टुलावर ठेवला आणि गाडीवर बसतो तसा त्यावर थोडा वेळ बसलो. दोन खळगे उमटतात. ते माप सीटवर उतरवून तेवढ्याच भागात मूळ फोम इंचभर खोल कापला, तिथे घट्ट फोम बसवला आणि सगळ्यावर अर्ध्या इंचाचा मऊ थर दिला. पुढचा उतारही याच वेळी भरून घेतला. कापायला हॅकसॉचं पातं पुरतं, गुळगुळीत करायला खरखरीत पॉलिश पेपर. सोल्युशन, म्हणजे फोम चिकटवायचा गोंद, दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि चिकट होईपर्यंत थांबायचं. जाड लावलं तर वाळल्यावर त्याचीच कडक रेघ खाली टोचते. फोमवर प्लॅस्टिकचा जाड कागद, मग कव्हर, वरच्या बाजूला एकही शिवण नसलेलं. रेक्झिन आधी उन्हात ठेवलं की ताणायला सोपं जातं. आधी नाकाकडे आणि शेपटीकडे पीन, मग दोन्ही बाजू आळीपाळीने. पिना स्टेनलेसच्या, सहा मिलीमीटरच्या. समुद्राकाठच्या हवेत साध्या पिनांचं काय होतं ते वर सांगितलंच. कव्हर शिवून घेतलंत तर दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घालायला सांगा, सुती दोरा आपल्या पावसात कुजतो. जेलच्या भानगडीत मी पडलो नाही. खरं असलं तरी ते उन्हात तापतं, आणि माझी गाडी दिवसभर दुकानांसमोर उन्हातच उभी असते.

सगळं मिळून दुकानात दिलेल्या पैशांच्या निम्म्यातही झालं, तात्यांची मजुरी धरून.

ज्यांना घरी करायला वेळ नाही त्यांनी दुकानातच करून घ्यावं, हरकत नाही. पण कव्हर चढण्याआधी फोम बघायला थांबा आणि उघड्या सीटचा एक फोटो काढा. जुना फोम कापून वापरणार असतील तर त्यावर आधीच मार्करने खूण करा. बिलावर नुसतं "सीट काम" नको. फोम किती डेन्सिटीचा, किती इंच, जेल असेल तर तसं लिहून घ्या. बिल देत नसेल तर निदान पैसे ऑनलाईन द्या आणि नोंद पुसू नका. माझी उरलेल्या १,९०० रुपयांची तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. तो रंगीत ठोकळा आणि निळा चौकोन मी पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलाय, पुरावा म्हणून. तुमच्यापैकी कुणाच्या सीटमधून असाच ठोकळा निघाला असेल तर तो फेकू नका, फोटो काढून ठेवा.